शिआत्सू : नावात चोळणं नाही

जपानीत बोटांच्या ठशाला 'शिमोन' म्हणतात आणि रक्तदाबाला 'केत्सुआत्सू'. पहिल्यातला 'शि' म्हणजे बोट, दुसऱ्यातला 'आत्सू' म्हणजे दाब. दोन्ही जोडले की शिआत्सू, म्हणजे बोटांनी दाबून उपचार करण्याची जपानी पद्धत. ही विद्या हजारो वर्षांची असल्याचं सर्रास सांगितलं जातं. नाव मात्र विसाव्या शतकातलं आहे.

जुनी आहे ती आनमा ही मालिशीची पद्धत. 'आन' म्हणजे दाबणं, 'मा' म्हणजे चोळणं. ती चीनमधून आली आणि 701 सालच्या ताइहो या जपानी कायदेसंहितेत तिच्या शिक्षकांची सरकारी पदंही होती. एडो काळात (1603–1868) सुगियामा वाइची या अंध सुईचिकित्सकाने अंधांसाठी शाळा काढल्या आणि आनमा हा प्रामुख्याने अंधांचा व्यवसाय झाला. पुढे तिच्याकडे अंग रगडून घेण्याची चैन म्हणूनच पाहिलं जाऊ लागलं. दुखण्यावर उपचार करणाऱ्यांना वेगळं नाव हवं होतं. तामाई तेम्पाकू या उपचारकाच्या लिखाणातून 'शिआत्सू' रुजलं.

ते घरोघरी पोचवलं तोकुजिरो नामिकोशी यांनी (1905–2000). होक्काइदो बेटावर लहानपणी आईचे दुखरे सांधे चेपताना चोळण्यापेक्षा दाबल्याने जास्त आराम पडतो, हे त्यांच्या लक्षात आलं, असं सांगतात. 1940 मध्ये त्यांनी तोक्योत शिआत्सूची शाळा काढली. कायद्याने मात्र वेळ घेतला: 1955 मध्ये शिआत्सूचा उल्लेख आला तो आनमाच्या पोटात, आणि बरोबरीचं स्वतंत्र नाव मिळालं 1964 मध्ये.

नावातला फरक हातातही दिसतो. तेल नाही, कपडे अंगावरच, माणूस जमिनीवरच्या गादीवर. अंगठ्याचं टोक नव्हे, पेराचा मांसल भाग टेकवायचा, कोपर सरळ ठेवून अंगाचा भार हळूहळू सोडायचा. दाब त्वचेला काटकोनात, एका जागी 3 ते 5 सेकंद; मानेच्या पुढच्या भागावर त्याहून कमी, हलका आणि एका वेळी एकाच बाजूला, कारण तिथे मेंदूकडे जाणारी धमनी असते. नवशिक्या खांद्याऐवजी मनगटाने जोर लावतो. अंगठ्याचा सांधा वाकतो आणि रुग्णाआधी त्याचाच अंगठा दुखायला लागतो. ठिसूळ हाडं, ताप किंवा पायात रक्ताची गुठळी असेल तर हात लावायचा नाही.

आपल्याकडे याला सरसकट अॅक्युप्रेशर म्हणतात. पण नामिकोशींच्या शाळेतले बिंदू स्नायू आणि मज्जातंतूंच्या आधाराने शिकवले जातात, चिनी वैद्यकात मानलेल्या, शरीरातली ऊर्जा वाहणाऱ्या नाड्यांवरून नव्हे. नाड्यांचा विचार शिआत्सूत ठळकपणे परत आणला तो त्यांच्याच शाळेत शिक्षक राहिलेल्या शिझुतो मासुनागा यांनी.