‘मी कुठल्याच पक्षाचा नाही’ म्हणणारा अमेरिकन मतदार नेमकं काय बघतो?

अमेरिकेत निवडणूक आली की टीव्हीवर एकच चर्चा, इंडिपेंडंट मतदार कुणीकडे वळणार. गॅलप ही सर्व्हे करणारी संस्था लोकांना विचारते की तुम्ही रिपब्लिकन, डेमोक्रॅट की इंडिपेंडंट, आणि गेली काही वर्षं 40 टक्क्यांहून जास्त लोक इंडिपेंडंट म्हणतात. म्हणजे दोन्ही पक्षांपेक्षा मोठा गट! मग आपल्याला वाटतं की एवढे सगळे लोक मधे बसलेत, त्यांना पटवलं की झालं.

पण खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. पहिलं उत्तर मिळालं की सर्व्हेवाला लगेच विचारतो, बरं, पण त्यातल्या त्यात कल कुणाकडे? आणि इथे बहुतेक जण एका बाजूला झुकतात. प्यू रिसर्च सेंटरने 2019 मध्ये हे मांडलं होतं, 38 टक्के लोक स्वतःला इंडिपेंडंट म्हणाले, पण कल विचारल्यावर खरोखर कुणाकडेच न झुकणारे उरले फक्त 7 टक्के. बाकीचे मतदान करताना बऱ्यापैकी पक्षाच्या लोकांसारखंच वागतात. म्हणूनच 2012 साली एक्झिट पोलमध्ये इंडिपेंडंट मतदारांत रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी 50 विरुद्ध 45 ने पुढे होते आणि तरी डेमोक्रॅट ओबामा जिंकले, कारण पक्षावर नाराज झालेले बरेच रिपब्लिकन तेव्हा स्वतःला इंडिपेंडंट म्हणवत होते.

मग हे झुकलेले लोक सरळ पक्षाचं नाव का घेत नाहीत? समारा क्लार आणि याना क्रुप्निकोव्ह या दोन राज्यशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले. लोकांना दोन पक्षांच्या भांडणाबद्दल वाचायला दिलं की आपण इंडिपेंडंट आहोत असं सांगणारे वाढायचे. मतं तीच पण नाव घ्यायची लाज, कारण पक्षाचा माणूस म्हणजे हमरीतुमरीवर येणारा अशी प्रतिमा झालीये. मला तर हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण या लोकांना वैताग धोरणांपेक्षा भांडणाचा जास्त आलाय.

आता त्या खरोखर मधल्या लोकांकडे येऊ. 1960 च्या सुमारास मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवलं की हे लोक राजकारणात कमी रस घेतात, माहितीही कमी ठेवतात, आणि तेव्हापासून त्यांच्यावर अडाणीपणाचा शिक्का बसला तो बसलाच. पण त्याच विद्यापीठाचा ग्राहकांचा सर्व्हे बघा, ज्यात लोकांना घरची कमाई, महागाई, पुढचं वर्ष कसं जाईल हे सगळं विचारतात. नोव्हेंबर 2016 मध्ये ट्रम्प जिंकले आणि रिपब्लिकन लोकांना अर्थव्यवस्था एकदम छान वाटायला लागली, डेमोक्रॅट लोकांना वाईट. 2020 मध्ये बायडन आले, बरोबर उलटं. 2024 नंतर परत उलटं. दुकानातले भाव काही निकालाच्या रात्री बदलत नाहीत हो! बदलतो तो बघणारा. इंडिपेंडंट लोकांची रेषा मात्र दोघांच्या मधून चालते आणि निकालाने फारशी हलत नाही. म्हणजे राजकारणाची माहिती कमी असेल पण स्वतःच्या खिशाचं वाचन हेच लोक जास्त सरळ करतात असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि खिसा काय सांगत होता? जून 2022 मध्ये महागाईचा दर 9.1 टक्के झाला, चाळीस वर्षांतला सगळ्यात जास्त, त्याच महिन्यात पेट्रोल गॅलनला सरासरी 5 डॉलरच्या वर गेलं. वर्षभरात दर 3 टक्क्यांवर उतरला आणि अर्थतज्ज्ञ म्हणाले बघा, सगळं ठीक झालं. पण दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नाही, भाव फक्त हळू वाढायला लागले. जानेवारी 2020 मध्ये डझनभर अंडी दीड डॉलरच्या आत मिळायची, जानेवारी 2025 मध्ये जवळपास 5 डॉलर. अंड्यांमागे बर्ड फ्लू होता हे खरं, पण बायडन यांच्या चार वर्षांत एकूण भावही सुमारे 20 टक्क्यांनी चढले होते आणि घराच्या कर्जाचं व्याज 2021 मध्ये 3 टक्क्यांच्या आसपास होतं ते ऑक्टोबर 2023 मध्ये 8 टक्क्यांच्या जवळ. ज्याला पक्षाच्या बाजूने सारवासारव करायची नाही तो माणूस हेच बघणार ना. एक्झिट पोलमध्ये 2020 साली इंडिपेंडंट मतदारांत बायडन 13 पॉइंटने पुढे होते, 2024 मध्ये त्यांच्याच पक्षाच्या उमेदवार कमला हॅरिस फक्त 3 ने.

वाईट याचं वाटतं की उमेदवार ठरवायच्या वेळी यांचा आवाज सगळ्यात कमी असतो. आपल्याकडे मतदार यादीत कुणाचा पक्ष लिहिलेला नसतो, पण अमेरिकेत अनेक राज्यांत नोंदणी करतानाच पक्ष सांगतात आणि काही राज्यांत पक्षाचा उमेदवार निवडणारी प्रायमरी फक्त त्या त्या पक्षाच्या नोंदलेल्या लोकांसाठीच असते. पेनसिल्व्हेनिया, जिथे राष्ट्राध्यक्षपदाची लढत अगदी घासून होते, तिथे या दोन पक्षांत नोंद नसलेले मतदार 10 लाखांहून जास्त आहेत. प्रायमरीचा खर्च त्यांच्याही टॅक्समधून होतो, पण त्या दिवशी त्यांना उमेदवार निवडता येत नाही, एखाद्या सार्वमताचा प्रश्न मतपत्रिकेवर असेल तर तेवढ्यावरच मत देता येतं.