व्होयवोदिना: नदीचा नकाशा वेगळा, सरकारचा वेगळा

सेंता हे शहर तिसा नदीच्या उजव्या काठावर आहे, म्हणजे भूगोलाने बाच्का भागात. सरकारी कागदावर मात्र त्याचा जिल्हा ‘उत्तर बानात’, आणि बानात तर नदीपलीकडे सुरू होतो! शेजारच्या आदा आणि कान्यिझा या शहरांचीही तीच गत. छपाईची चूक अजिबात नाही. सर्बियाच्या उत्तरेकडच्या व्होयवोदिना या स्वायत्त प्रांताचे दोन नकाशे आहेत आणि ते एकमेकांवर नीट बसत नाहीत.

पहिला नकाशा नद्यांनी काढला. डॅन्यूब आणि तिसा यांच्यामधली बाच्का, तिसाच्या पूर्वेची बानात, डॅन्यूब आणि सावा यांच्यामधली स्रेम. जवळजवळ सगळा प्रदेश सपाट. अपवाद दोनच: स्रेममधली फ्रुश्का गोराची रांग (539 मीटर) आणि बानातच्या आग्नेय टोकाचे वर्शात्सचे डोंगर (641 मीटर). जमिनीला उतार इतका कमी की पुराचं पाणी लवकर निघून जात नाही. त्यामुळे इथली शेती कालव्यांवर उभी आहे. डॅन्यूब-तिसा-डॅन्यूब ही कालवे-प्रणाली 1977 मध्ये पूर्ण झाली. तिचे मुख्य कालवे सुमारे 929 किलोमीटर लांब आहेत. पावसाळी दिवसांत ते शेतातलं साठलेलं पाणी काढून नेतात, उन्हाळ्यात तेच सिंचनाला देतात. नोवी बेचेय इथे तिसावर बंधारा घालून पातळी वाढवली आहे, त्यामुळे बानातच्या कालव्यात पाणी पंपाशिवाय उतरतं. संथ प्रवाहाची किंमतही मोजावी लागते. व्रबास परिसरात कारखान्यांचं सांडपाणी वाहून न जाता कालव्याच्या तळाशी गाळ होऊन साचलं, आणि हा टप्पा युरोपातल्या सर्वांत प्रदूषित कालव्यांमध्ये गणला जाऊ लागला.

तिसा ही एकेकाळी दोन साम्राज्यांची सीमा होती. 1697 मध्ये सेंताजवळ नदी ओलांडणाऱ्या ऑटोमन सैन्याचा ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या फौजेने धुव्वा उडवला. 1699 च्या कार्लोवत्सी तहाने बाच्का आणि स्रेमचा बराचसा भाग हॅब्सबर्गांकडे गेला, पण बानात 1718 पर्यंत ऑटोमनांकडेच राहिला. नंतर तिथल्या दलदली उपसून जर्मन, सर्ब, रोमानियन, हंगेरियन अशा वस्त्या बसवल्या गेल्या. पहिल्या महायुद्धानंतर बानातचे तुकडे झाले: पूर्वेचा मोठा भाग रोमानियाला, पश्चिमेचा आजच्या सर्बियाला, एक छोटा कोपरा हंगेरीला. प्रांतात आज सहा अधिकृत भाषा आहेत: सर्बियन, हंगेरियन, स्लोव्हाक, रोमानियन, क्रोएशियन आणि रुसिन.

आता दुसरा नकाशा. प्रांतात सात जिल्हे आहेत: उत्तर, पश्चिम आणि दक्षिण बाच्का, उत्तर, मध्य आणि दक्षिण बानात, आणि स्रेम. नावं ऐकून वाटतं की जुन्या तीन भागांनाच कापलं असेल. पण डॅन्यूबच्या स्रेमकडच्या काठावरची स्रेम्स्की कार्लोवत्सी आणि बेओचिन दक्षिण बाच्कात टाकली आहेत. हे मला तरी पटतं: फ्रुश्का गोराच्या उत्तर उतारावरच्या माणसाला प्रांताची राजधानी नोवी साद पुलापलीकडे, तर स्रेमचं जिल्ह्याचं ठिकाण डोंगरापलीकडे. सेंताची गोष्ट तेवढी सरळ नाही. तिथली बहुसंख्य हंगेरियन वस्ती बाच्कातल्या सुबोतित्साशी जोडलेली, आणि जिल्ह्याचं ठिकाण मात्र बानातमधलं किकिंदा. त्यावर टीका होत आली आहे.

जिल्हा म्हणजे इथे सत्ताकेंद्र नव्हे. ती राजधानी बेलग्रेडमधल्या मंत्रालयांची शाखा. प्रमुख सरकार नेमतं आणि निवडून आलेली सभा नसते. निवडणुका होतात खालच्या 45 शहरपालिका-नगरपालिकांच्या आणि वर नोवी सादमधल्या 120 सदस्यांच्या प्रांतिक विधानसभेच्या. म्हणून स्थानिक कामासाठी माणूस जातो तो नगरपालिकेत.

खरा घोटाळा आकडेवारीत होतो. बानातची लोकसंख्या काढायला तीन ‘बानात’ जिल्ह्यांची बेरीज केली, तर बाच्कातली सेंता, आदा आणि कान्यिझा विनाकारण मिळतात. उलट पान्चेवो शहराच्या पश्चिमेची बोर्चा, क्रन्याचा आणि ओव्चा ही डॅन्यूबच्या उत्तरेची वस्ती सुटते, कारण ती बेलग्रेडच्या पालिलुला विभागात मोडते. स्रेमचंही असंच: झेमुन, नवं बेलग्रेड आणि सुर्चिन राजधानीत गेले आहेत, तर सावाच्या दक्षिणेची माच्वान्स्का मित्रोवित्सा प्रांतात धरली जाते. जिल्ह्याची ओळ वगळून नगरपालिकांचे आकडे घ्यायचे. पालिलुला नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली, तिथे आणखी खाली उतरून वस्तीनिहाय आकडे पाहायचे.