ॲम्फोरा

ॲम्फोरा म्हणजे प्राचीन ग्रीकांचे निमुळत्या मानेचे, फुगीर पोटाचे व दोन कानांचे मातीचे भांडे. मूळ ग्रीक शब्द ‘आम्फोरेउस’ असा असून होमरच्या काव्यात त्याचे लांब रूप ‘आम्फिफोरेउस’ येते. ‘आम्फि’ म्हणजे दोन्ही बाजूंनी आणि ‘फेरो’ म्हणजे वाहणे. म्हणून दोन्हीकडे धरून वाहून न्यायचे ते आम्फिफोरेउस. संस्कृतातील ‘अभितः’ आणि ‘भृ’ हा धातू यांचे या दोन घटकांशी सगोत्र नाते आहे, त्यामुळे मराठीतला ‘भार’ हा शब्दही याच कुळातला ठरतो. लागोपाठ आलेल्या ‘फि’ आणि ‘फो’ या अवयवांपैकी पहिला गळून शब्द आखूड झाला. ही झीज फार जुनी असली पाहिजे, कारण मायसीनी काळातील, म्हणजे ग्रीसच्या कांस्ययुगातील, लिनिअर बी या प्राचीन ग्रीक लिपीच्या मृत्पट्टिकांवर दोन्ही रूपे आढळतात. आज रूढ असलेले ‘ॲम्फोरा’ हे रूप लॅटिनमधून आले आहे.

शब्दात मातीचा उल्लेख कोठेच नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात नायक ओडिसियसचा पुत्र टेलेमाखस प्रवासासाठी बारा आम्फिफोरेउस मद्याने भरून घेतो आणि त्याच काव्यात ग्रीक वीर अकिलीझच्या अस्थी ज्या सोन्याच्या पात्रात ठेवल्या जातात, त्यालाही हाच शब्द वापरला आहे. आकार व धरण्याची सोय हाच त्याचा मूळ अर्थ होय. म्हणूनच कोठारात एका जागी ठेवायचा प्रचंड रांजण ग्रीकांच्या लेखी ‘पिथोस’, तर तीन कानांची पाण्याची घागर ‘हुद्रिया’.

मद्य, ऑलिव्ह तेल व खारवलेले मासे यांच्या सागरी व्यापारात ॲम्फोरा हे नित्याचे भांडे होते. त्याचे टोकदार बूड ओतताना दुसऱ्या हाताने धरायला उपयोगी पडे आणि जहाजात खालच्या थरातील भांड्यांच्या खांद्यांमधील फटीत नीट बसे. मद्य पाझरू नये म्हणून आतून राळेचा लेप देत. ऱ्होड्झ, थासोस, क्निडोस या ग्रीक ठिकाणचे कुंभार कानांवर ठसे उमटवीत. त्यांतील अधिकाऱ्यांच्या नावांवरून पुरातत्त्वज्ञांना कालनिश्चिती करता येते. अथेन्समधील पानाथेनाइआ उत्सवातील विजेत्यांना तेलाने भरलेले चित्रित ॲम्फोरे बक्षीस मिळत.

पुढे हा शब्द मापाचाही झाला. अ‍ॅटिक, म्हणजे अथेन्सच्या परिसरातील, माप सुमारे ३९ लिटरचे, तर रोमन सुमारे २६ लिटरचे होते. इ.स.पू. २१८ च्या क्लॉडियन कायद्याने रोमन सेनेट-सदस्यांना ३०० ॲम्फोऱ्यांहून अधिक क्षमतेचे समुद्रगामी जहाज बाळगण्यास मनाई केली, म्हणजे जहाजेही याच मापाने मोजली जात. रोममधील माँते तेस्ताच्चो ही टेकडी तर मुख्यतः स्पेनहून आलेल्या तेलाच्या फुटक्या ॲम्फोऱ्यांचीच बनलेली आहे.

इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात बारुगाझा, म्हणजे भडोच, येथे इटालीय मद्य येत असल्याची नोंद आहे. महाराष्ट्रात नेवासे व घारापुरी येथे अशा आयात भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत. तथापि भारतात पूर्वी ॲम्फोरा म्हणून नोंदलेले पुष्कळ तुकडे नंतरच्या तपासणीत मेसोपोटेमिया व इराणी आखाताकडील, आतून डांबर लावलेल्या लांबट ‘टॉर्पेडो’ घटांचे ठरले. या घटांना कानच नसतात. त्यामुळे त्यांना ॲम्फोरा म्हणणे शब्दार्थालाही धरून नाही.