प्रगामी तरंग की स्थिर तरंग? केबलवर नेमकं काय चालतं

'स्थिर तरंग' म्हटलं की अनेक विद्यार्थ्यांना वाटतं, केबलवरचं व्होल्टेज गोठलं आहे. पुस्तकातली आकृती फक्त आयाम, म्हणजे प्रत्येक जागी व्होल्टेज जास्तीत जास्त किती चढतं तेवढंच दाखवते, त्यामुळे हा समज पक्का होतो.

५० ओहमची आरजी-५८ ही कोअॅक्सियल केबल घ्या. हे ५० ओहम म्हणजे तारेचा रोध नव्हे, तर केबलवरून जाणाऱ्या तरंगाच्या व्होल्टेज आणि विद्युतधारेचं गुणोत्तर. तिच्यात तरंग प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने, म्हणजे नॅनोसेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर जातो. १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २ मीटर. टोकाला ५० ओहमचा रोध जोडला, तर आलेली सगळी ऊर्जा तो शोषतो, परत काही फिरत नाही. हा निव्वळ प्रगामी तरंग. केबलमधला थोडा ऱ्हास सोडला, तर कुठेही मोजा, आयाम सारखाच. बदलते ती कला (फेज), म्हणजे आवर्तनातला टप्पा: दर अर्ध्या मीटरला व्होल्टेज पाव आवर्तन मागे पडतं.

आता टोक शॉर्ट करा. तिथे व्होल्टेज शून्यच राहणार, म्हणून तेवढाच पण उलट्या चिन्हाचा तरंग मागे निघतो. जाणारा आणि येणारा यांची बेरीज म्हणजेच स्थिर तरंग. तो काही तिसरा, वेगळा तरंग नाही. टोकापाशी आणि तिथून दर १ मीटरवर निस्पंद, म्हणजे व्होल्टेज कायम शून्य. दोन निस्पंदांच्या बरोबर मध्ये दुप्पट आयाम. कला मात्र दोन निस्पंदांच्या दरम्यान सगळीकडे एकच असते आणि निस्पंद ओलांडताच थेट उलटी होते. निस्पंद सोडून इतरत्र व्होल्टेज सेकंदाला १० कोटी आवर्तनं करतच असतं. जागचा हलत नाही, तो फक्त शून्य आणि कमाल बिंदूंचा आराखडा. आणि जिथे व्होल्टेज शून्य, तिथेच विद्युतधारेचा आयाम सर्वांत मोठा, हे विसरू नये.

बेरजेची ही गोष्ट पटवायला मला साइन तरंगापेक्षा डीसीचा स्विच जास्त आवडतो. १० मीटर केबल, टोक उघडं, १० व्होल्टचा स्रोत आणि त्याचा अंतर्गत रोध ५० ओहम. स्विच दाबताच १० नव्हे, ५ व्होल्टची पायरी निघते, कारण टोकाला काय आहे हे स्रोताला अजून कळलेलंच नसतं. त्याला फक्त केबलचे ५० ओहम दिसतात. ५० नॅनोसेकंदांनी पायरी टोकाला पोचते, ५ व्होल्ट परत फिरतात आणि १०० नॅनोसेकंदांनी सगळी केबल १० व्होल्टवर येते. केबल कुठे तुटली ते शोधणारं टीडीआर नावाचं उपकरण जाण्यायेण्याचा हाच वेळ मोजतं. साइन तरंगाचंही तेच: परतीचा तरंग पोचेपर्यंत स्थिर आराखडा तयार होत नाही.

प्रत्यक्षात बहुतेकदा प्रगामी आणि स्थिर या दोन्हींचं मिश्रण असतं. ५० ओहमच्या केबलला ७५ ओहमचा रोध लावला, तर व्होल्टेजचा पाचवा हिस्सा परततो. आयाम १.२ आणि ०.८ पट यांच्यात फिरतो, म्हणून एसडब्ल्यूआर, म्हणजे कमाल आणि किमान आयामाचं गुणोत्तर, १.५. हा आकडा पाहून अनेकजण धास्तावतात, पण परतलेली शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे मोजायची: फक्त ४ टक्के.