नक्कल मागायची की माहिती? काउंटीच्या दोन खिडक्या

आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने कॅलिफोर्नियात घर घेतलं. वर्षभराने एका कामासाठी खरेदीखताची प्रत लागली. नवऱ्याने गावाकडे माहिती अधिकाराचे अर्ज केलेले, त्यामुळे काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) संकेतस्थळावर ‘पब्लिक रेकॉर्ड्स रिक्वेस्ट’ हे शब्द दिसताच त्याने तो फॉर्म भरून टाकला. दहा दिवसांनी उत्तर आलं की ही प्रत दस्तनोंदणी करणाऱ्या रेकॉर्डरकडून विकत घ्या. दोघं तिथे गेली आणि अर्ध्या तासात, काही डॉलरांत, शिक्क्याची प्रत घेऊन बाहेर पडली. दहा दिवस मात्र वाया गेले ते गेलेच. हा घोळ मी इतक्या घरांत पाहिलाय की एकदा तो नीट उलगडून सांगावासा वाटतो.

खरं तर आपल्याला हा फरक आधीपासून माहीत आहे. जुन्या फेरफाराची नक्कल हवी असेल तर कोणी माहिती अधिकारात जात नाही; नकलेचा अर्ज करतो, फी भरतो, प्रत घेतो. पण त्याच फेरफारावर घेतलेल्या हरकतीचं अधिकाऱ्याने तीन महिने काय केलं, फाइल कुठे अडली, हे हवं असेल तर माहिती अधिकार लागतो. कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंट्यांतही रेषा जवळपास तिथेच आहे. जो कागद मुळात सगळ्यांना दिसावा म्हणून नोंदवला जातो त्याची नक्कल मागायची. कार्यालयाच्या रोजच्या कामात जो कागद तयार होतो त्यासाठी कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली मागणी करायची.

पहिली खिडकी काउंटी रेकॉर्डरची. हा म्हणजे आपला दुय्यम निबंधक समजा. खरेदीखत, गहाणखत, कर्ज फिटल्याचा दस्त, थकबाकीचा बोजा हे सगळं इथे नोंदलं जातं. इथे शोध पत्त्यावरून लागत नाही, लागतो तो देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावावरून. आपल्या लोकांची फजिती इथेच होते. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखं की बँकेत पडलेलं, नाव आणि आडनाव उलटसुलट तर झालं नाही ना, हे सगळे प्रकार करून पाहावे लागतात. नुसता पत्ताच हाताशी असेल तर आधी काउंटी असेसरकडून, म्हणजे मालमत्तेची करआकारणी करणाऱ्याकडून, त्या जमिनीचा पार्सल नंबर (आपल्या गट नंबरासारखा) काढावा.

असेसर आणि रेकॉर्डर यांचीही गल्लत होते, पण असेसरची यादी करआकारणीसाठी असते. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नसतं, तसंच हे. त्या यादीतली किंमत बाजारभाव समजू नका. १९७८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या प्रस्तावापासून घर विकलं जाईपर्यंत किंवा त्यात नवं बांधकाम होईपर्यंत आकारणीचं मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनीच वाढू शकतं. म्हणून शेजारीशेजारी असलेल्या सारख्याच घरांच्या आकड्यांत जमीनअस्मानाचं अंतर दिसतं.

बऱ्याच काउंट्यांत सूची घरबसल्या चाळता येते, दस्ताची प्रतिमा मात्र कार्यालयातल्या संगणकावरच पाहायला मिळते. प्रतीची फी ठरलेली असते आणि ती भरावीच लागते. नक्कल स्वस्त आहे हे मी मुद्दाम सांगतेय. घर घेतल्यावर काही आठवड्यांत सरकारी वाटावं असं एक पत्र येतं: शंभर-सव्वाशे डॉलर पाठवा, तुमच्या खरेदीखताची प्रत देतो. ते खासगी धंदेवाईकांचं असतं. तुमचं नाव त्यांना याच खुल्या नोंदींतून मिळालेलं असतं. ते पत्र फाडून टाका.

दुसरी खिडकी पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टची. हा कायदा १९६८चा. २००४ साली मतदारांनी हा हक्क राज्यघटनेत घातला, आणि १ जानेवारी २०२३पासून कायद्याच्या कलमांचे क्रमांक बदलले; जुना नमुना उतरवून अर्ज केलात तर त्यात बाद झालेली कलमं येतील. त्याने अर्ज फेटाळला जात नाही, पण नवे क्रमांक घातलेले बरे. कंत्राटं, तपासणी अहवाल, अधिकाऱ्यांचे ईमेल, काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळापुढे आलेले कागद इथे मागायचे. केंद्राचा १९६६चा माहिती स्वातंत्र्य कायदा, ज्याला सगळे ‘फोया’ म्हणतात, तो काउंटीला लागूच होत नाही.

आपल्या माहिती अधिकाराशी तुलना केली तर काही गोष्टी चांगल्या आहेत, काही जड जातात. भारतात अर्जदार नागरिक असावा लागतो. इथे ती अट नाही. तुम्ही व्हिसावर असा की पुण्यात बसलेले असा, अर्ज चालतो. कारण सांगावं लागत नाही, तोंडी मागणीही ग्राह्य आहे, आणि शोधण्याचे पैसे सहसा लागत नाहीत. फक्त प्रत काढायचा थेट खर्च द्यायचा. नेमका कोणता कागद हवा हे ठरवायला मदत करणं हे कार्यालयाचं कर्तव्यच आहे.

जड जातात त्या दोन गोष्टी. भारतात चुकीच्या खात्याकडे गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य खात्याकडे वर्ग करावा लागतो. इथे तसं कलम नाही, म्हणून खिडकी आधीच बरोबर निवडायची. शिवाय पहिलं अपील, मग माहिती आयोग अशी पायरीच नाही. नकार पटला नाही तर थेट काउंटीतल्या सुपीरियर कोर्टात जायचं. जिंकलात तर वकिलाचा खर्च सरकारी कार्यालयाकडून मिळतो, तेवढा आधार आहे.

या कायद्यातल्या दहा दिवसांच्या मुदतीचा अर्थही बहुतेकांना चुकीचा कळतो. त्या मुदतीत कागद मिळत नाहीत. ते द्यायचे की नाहीत एवढंच कार्यालयाने कळवायचं असतं, आणि ठराविक कारणांसाठी ते आणखी चौदा दिवस घेऊ शकतं. कागद प्रत्यक्ष हातात यायला महिने लागतात असंही होतं.

दोन्ही खिडक्या जिथे एकमेकींना भिडतात असा एक खटला मला फार महत्त्वाचा वाटतो. ऑरेंज काउंटीने आपल्या हद्दीतल्या जमिनींच्या तुकड्यांची संगणकीय नकाशा-माहिती तयार केली होती. ती हवी तर परवाना शुल्क भरा, असं काउंटीचं म्हणणं. सिएरा क्लब ही पर्यावरण संस्था कोर्टात गेली आणि २०१३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही माहिती सार्वजनिक नोंदच आहे, प्रतीच्या खर्चातच द्यायची. म्हणजे एका दस्ताची प्रत रेकॉर्डरच्या फीने, पण सगळ्या तुकड्यांची ती माहिती दुसऱ्या कायद्याने. २०१७च्या सॅन होजे शहराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने अधिकाऱ्यांच्या खासगी खात्यांवरचे सरकारी कामाचे ईमेलही या कायद्याखाली आणले. तेव्हा ईमेल मागताना खासगी खात्यांचा उल्लेख जरूर करा.

आणि काही कागद या दोन्ही खिडक्यांवर मिळत नाहीत. घटस्फोटाचा हुकूमनामा सुपीरियर कोर्टाकडे असतो, आणि कोर्टांना हा कायदा लागू नाही. घराच्या बांधकामाची परवानगी, घर शहराच्या हद्दीत असेल तर, सहसा शहराकडे असते. काउंटीकडे फक्त हद्दीबाहेरच्या वस्तीची. मुलाचा जन्मदाखला काउंटीत मिळतो, पण आई-वडिलांसारख्या हक्कदारांनी शपथेवर मागितला तरच पूर्ण वैधतेचा. इतर कुणालाही मिळते ती माहितीपुरती प्रत, आणि ओळख सिद्ध करायला ती चालणार नाही असं तिच्यावरच छापलेलं असतं. अर्ज भरताना ‘ऑथोराइज्ड’च्या, म्हणजे पूर्ण वैध प्रतीच्या, चौकटीत खूण केलीय ना, ते पाहा. पासपोर्टच्या कामाला माहितीपुरती प्रत उपयोगी पडत नाही.