चेहरा वाचताना मेंदू कुठे अडखळतो?

"आपण साधं बोललो तरी हा मुद्दाम वाकड्यात शिरतो." बायपोलर डिसऑर्डर असलेल्या माणसाबद्दल घरच्यांची ही तक्रार पुष्कळदा कानावर येते. यात मुद्दाम काही नसतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

उन्माद आणि नैराश्य ही या आजाराची दोन टोकं सर्वांना माहीत असतात. पण मूड पूर्ण स्थिर असतानाही अनेक रुग्णांना समोरच्याच्या चेहऱ्यावरची भावना ओळखणं इतरांपेक्षा जड जातं. फरक फार मोठा नसतो, पण वेगवेगळ्या अभ्यासांत तो पुन्हा पुन्हा दिसला आहे.

मेंदूच्या तळाच्या बाजूला, टेम्पोरल लोबमध्ये (कानाजवळच्या भागात), फ्युसिफॉर्म नावाची घडी असते. समोर दिसतोय तो चेहरा आहे, हे ओळखण्यात तिचा मोठा वाटा. त्या चेहऱ्यावरच्या भावनेचं महत्त्व जोखण्यात पुढाकार घेतो तो अमिग्डाला, बदामाएवढा छोटा भाग. तो नेमकं काय करतो, हे एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीमुळे कळलं. दुर्मिळ आनुवंशिक आजारात तिचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झाले होते. तिला आनंद ओळखता येई, भीती मात्र ओळखता येत नसे. २००५ साली मेंदूशास्त्रज्ञ राल्फ अ‍ॅडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी तिच्या नजरेचा माग काढला, तेव्हा दिसलं की ती चेहऱ्यातल्या डोळ्यांकडे पाहतच नव्हती! भीती तर प्रामुख्याने विस्फारलेल्या डोळ्यांत दिसते. "डोळ्यांकडे पाहा" असं सांगितल्यावर तिला भीती ओळखता आली. सूचना थांबली की नजर पुन्हा भरकटे. म्हणजे अमिग्डाला भावना नुसती 'ओळखत' नाही, ती कुठे शोधायची हेही नजरेला सांगतो. मला या विषयातला हा सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

बायपोलरमध्ये अमिग्डाला निकामी नसतो. कपाळामागचा व्हेंट्रोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर) त्याला आवर घालतो, आणि तो आवरच सैल पडतो, असं अनेक स्कॅन सुचवतात. या दोन भागांना जोडणाऱ्या अन्सिनेट फॅसिक्युलस या तंतूंच्या जुडग्यातही फरक आढळले आहेत. २००६ सालच्या एका अभ्यासात बायपोलर असलेल्या मुलांना भावशून्य चेहरे अधिक वैरभावाचे आणि अधिक भीतिदायक वाटले, आणि त्या वेळी त्यांचा डावा अमिग्डाला जास्त सक्रिय होता. आईचा नुसता थकलेला चेहरा अशा मुलाला रागावलेला दिसू शकतो.

रचनेचं काय? २०१८ साली एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने ६,५०३ जणांचे एमआरआय एकत्र तपासले, त्यांत २,४४७ बायपोलर रुग्ण होते. रुग्णांच्या कॉर्टेक्सची जाडी सरासरीने कमी भरली, आणि सर्वांत ठळक फरक दिसलेल्या भागांत डावी फ्युसिफॉर्म घडी होती. चेहऱ्यांचं काम करणारीच!

पण हे सरासरीचे फरक आहेत. रुग्ण आणि निरोगी माणसं यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका स्कॅनवरून कुणाला बायपोलर ठरवता येत नाही. तसा दावा करून स्कॅन विकणारा आणि 'बाहेरची बाधा' सांगून अंगारा देणारा, दोघंही रुग्णाचा उपचारांचा वेळ खातात.

एनिग्माच्या याच अभ्यासात लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध घेणाऱ्या रुग्णांचा कॉर्टेक्स न घेणाऱ्यांपेक्षा जाड आढळला. तो लिथियममुळेच जाड राहिला, हे एकदाच काढलेल्या चित्रांवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी त्याच माणसांचे स्कॅन उपचारांआधी आणि नंतर, वर्षानुवर्षं काढत राहावे लागतात.