वारंवार वाकणारे भाग

एखादा भाग लाखो वेळा वाकूनही तुटू नये म्हणून मटेरियल, जाडी आणि आकार कसा ठरवायचा, त्याचा हा विषय. मऊ मटेरियल घेतलं की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण पेपरक्लिपची तारही मऊच असते की, ती पाच-दहा वेळा जोरात पुढेमागे केली तर वाकल्या जागी बोटाला गरम लागते आणि कट्कन तुटते, कारण दरवेळी ती कायमची वाकते, आपणहून मूळ जागी येतच नाही.

वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. किती, ते काढणं सोपंय, जाडीला वाकाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. १ मिमी जाड पट्टी १०० मिमी त्रिज्येत वाकवली तर पृष्ठभाग ०.५ टक्के ताणला जातो, रोजच्या कामाला हे स्प्रिंग स्टीललाही जडच, पण जाडी ०.१ मिमी केली की तेच ०.०५ टक्क्यांवर येतं. म्हणून लवचीक वायरीत एक जाड तार न घालता केसासारख्या बारीक तारांचा जुडगा घालतात. तरी चार्जरची वायर जाते ती पिनजवळच, मधे क्वचितच, कारण कडक भाग संपतो तिथे सगळा वाक एकाच ठिकाणी गोळा होतो. तिथलं निमुळतं खाचेदार रबर शोभेचं नाही, ते वाक लांबवर पसरवतं.

धातू थकतो, म्हणजे वारंवार ताण पडून शेवटी तुटतो, हे १९व्या शतकात आउगुस्ट व्होलर या जर्मन इंजिनिअरने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून नीट मोजलं. साध्या स्टीलला ताणाची एक मर्यादा असते, तिच्या खाली राहिलात तर ते जवळपास कितीही वेळा चालतं, ॲल्युमिनियमला तशी सोय नाही, ताण कमी असला तरी कधीतरी तडा जातोच. आणि ओरखडा, गंज किंवा धारदार कोपरा असेल तर स्टीलची मर्यादाही घसरते.

प्लास्टिकमध्ये पॉलिप्रॉपिलीनच खरं. बाटलीच्या झाकणाची ती पातळ बिजागरी बघा, जेमतेम पाव ते अर्धा मिमी, साच्यातून गरम निघाल्या निघाल्या दोनचारदा वाकवली की आतले रेणू वाकाला आडवे, एका दिशेत लागतात आणि मग ती सहसा तुटत नाही. पॉलिस्टायरीन या ठिसूळ प्लास्टिकची केली तर थोड्याच वेळात तुकडा हातात.

निटिनॉल हा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू, तो ६-८ टक्के ताणूनही मूळ आकारात परत येतो म्हणून त्याचं कौतुक, पण ते मोजक्या वेळांपुरतं. रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीला, म्हणजे स्टेंटला, १० वर्षांत हृदयाचे साधारण ४० कोटी ठोके सोसायचे असतात, तिथे प्रत्येक ठोक्यात ताणल्या जाण्यात पडणारा फरक एक टक्क्याच्याही बराच खाली ठेवावा लागतो.